शेतातून जाणारी बर्फवाट

अमेरिकेतील उत्तर विस्कॉन्सिनमध्ये थंडीत गेलात, तर बर्फाने झाकलेल्या शेतांतून घरघरत जाणाऱ्या बर्फगाड्या दिसतील. पुढे घसरपट्ट्या, मागे फिरता पट्टा! तिथल्याच सेनर गावच्या कार्ल इलायसन यांनी १९२४ साली अशी गाडी तयार केली. पाय अधू, शिकारीला सोबत्यांबरोबर चालवेना. म्हणून त्यांनी घसरपट्ट्यांना सायकलीचे भाग आणि होडीचे अडीच अश्वशक्तीचे इंजिन जोडले.

वसंतात बर्फ वितळून चिखल झाला की वाटा बंद. जमीन वाळल्यावर जंगलवाटांवर जाड टायरांच्या उघड्या चारचाकी धावतात. शरदात मेपलची पाने लालभडक होतात, तेव्हा त्यांची मौज काही औरच. पीक निघून जमीन गोठली की पुन्हा बर्फवाट.

आता खरी गोष्ट ऐका. या बर्फवाटांचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या खासगी रानातून जातो. गावची मंडळे त्यांची परवानगी घेतात, खुणेचे फलक रोवतात, बर्फ सपाट करतात. एखाद्याने वाट सोडून लसूणघासावर गाडी घातली, तर बर्फ दबून घास मरतो. मालक परवानगी काढून घेतो आणि एका रानापायी सगळ्यांची वाट तुटते.

बांधावरच्या वाटेची भांडणे आपल्याला का नवी आहेत? तेव्हा त्या मुलखात गेलात, तर फलकाबाहेर गाडी घालू नका. पलीकडे कुणाची तरी वैरण आहे.