सनदी शाळेची सोडत

अमेरिकेंत ‘चार्टर स्कूल’ नांवाच्या शाळा आहेत. आम्ही त्यांस सनदी शाळा म्हणूं. मिनेसोटा राज्यानें १९९१ सालीं त्यांविषयींचा पहिला कायदा केला व पुढच्याच वर्षीं सेंट पॉल शहरांत पहिली शाळा निघाली. पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र मंडळाचा, आणि मुलांस फी नाहीं, अशी ही व्यवस्था आहे.

जागांहून अर्ज अधिक आले म्हणजे तेथें सोडत काढतात. हुशारी पाहून मुलें निवडतां येत नाहींत. शिकत असलेल्या मुलाच्या भावंडास मात्र अग्रहक्क मिळतो. वशिल्याचे चटके सोसलेल्या आम्हांस ही रीत गोड वाटली. परंतु चिठ्ठी कितीहि निःपक्षपाती असली, तरी घागरींत जिचें नांवच पडलें नाहीं, त्या मुलीस तिचा काय उपयोग? अर्ज केव्हां व कोठें करावा हें ठाऊक असलेल्या घरांनाच सोडतीचा लाभ.

येथें पैशाचा प्रश्न येतो. अनुदान मिळतें तें पटावरील संख्येप्रमाणें. लहान शाळेंतून आठदहा मुलें गेलीं कीं एका शिक्षकाच्या पगाराची चिंता उभी राहते. इमारतीचें भाडें मात्र तसूभरहि घटत नाहीं. म्हणून पट भरणें हा अशा शाळेच्या जीवनमरणाचाच प्रश्न होय.

मग चालकांनीं कोणाच्या दारीं जावें? ज्या आईबापांस सोडत म्हणजे काय हेंहि ठाऊक नाहीं, त्यांच्या दारीं आधीं जावें. तेणेंकरून पटहि भरेल आणि सोडतीचा न्यायहि खरा होईल. गरज व कर्तव्य एकाच वाटेनें जाण्याचा योग संस्थांच्या नशिबीं क्वचित् येतो. तो दवडूं नये, असें आम्हांस वाटतें.