दृष्टीआडचा बोल्ट

यंत्र खोलण्यास हात पुरतात. तें पुन्हां जसेंच्या तसें जोडण्यास हातांबरोबर मनही लागतें. गेल्या उन्हाळ्यांत या गोष्टीचा जो अनुभव आम्हांस आला, तो आमच्या जुन्या शाळेंतील बालमित्रांपुढें व त्यांच्या आईवडिलांपुढें ठेवावा, म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही बरींच वर्षें इंग्लंडांत राहतों. आमच्यापाशीं माझदा कंपनीची एमएक्स-५ नांवाची दोन आसनांची, उघड्या टपाची एक जुनी गाडी आहे. ही जात १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. गाडी जपानी खरी. परंतु लोटस एलानसारख्या जुन्या हलक्या इंग्रजी गाड्यांचा आदर्श तिच्या रचनाकारांपुढें होता. वजन सुमारें ९५० किलो. घोडा व स्वार एकजीव व्हावेत, तशी गाडी व चालक यांची जोडी जमावी, हें त्यांचें ध्येय होतें.

या गाडीचें इंजिन पुढें असून शक्ति मात्र मागील चाकांस पोंचते. इंजिनापासून क्लच, मग गिअरबॉक्स, मग लांब फिरता दांडा, मग डिफरेन्शियल व शेवटीं चाकें, अशी ही सांखळी आहे. गिअरबॉक्स व डिफरेन्शियल हीं दोन टोकें अ‍ॅल्युमिनियमच्या एका लांब चौकटीनें परस्परांशीं बांधलेलीं असतात. आमच्या गाडीच्या क्लचची तबकडी झिजली होती. चढावर इंजिन गर्जना करी, पण वेग वाढत नसे. तबकडी लहानशी, परंतु ती इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्यें दडलेली असल्यामुळें तिच्यापर्यंत पोंचण्यास फिरता दांडा, चौकट व गिअरबॉक्स उतरवावे लागतात.

पुढील वर्षीं आमची कन्या सतरा वर्षांची होईल, व मग हीच गाडी चालवूं लागेल. तेव्हां हें काम तिच्यासह आपल्या हातीं करावें, असें आम्हीं ठरविलें. प्रथम बॅटरीची तार सोडली. गाडी उचलून चार भक्कम घोड्यांवर ठेवली व हलवून पाहिली. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणींही क्षणभरसुद्धां जाऊं नये, हा नियम कन्येनें आपल्या वहींत सर्वांत वर लिहिला. फिरत्या दांड्याचे बोल्ट सोडण्यापूर्वीं जोडावर रंगाची खूण केली, म्हणजे तो पुन्हां त्याच जागीं बसावा. चौकटीची उंची मोजून टिपून ठेवली. एका पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचें चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या जागीं टोंचून ठेवला. कारण हे बोल्ट दिसण्यांत सारखे असले तरी सर्वांची लांबी एक नसते.

चित्र पुरें होतांच एक भोंक रिकामें राहिलें. इंजिनास गिअरबॉक्स जोडणारा वरच्या अंगाचा एक बोल्ट मुळांत जागेवर नव्हताच. तेथें हात पोंचत नाहीं. पान्यास लांबलचक दांडा जोडून मागून चांचपडावें लागतें. पूर्वीं कोणा कारागिरानें कंटाळून तो तसाच सोडून दिला असावा. दृष्टीआड सृष्टी!

कन्या म्हणाली, "बाबा, त्याच्यावांचून गाडी इतकीं वर्षें चाललीच ना? मग आपण तरी तो कशाला घालायचा?"

प्रश्न रास्त होता. आम्हीं तिला सांगितलें, "गाडी चालली, कारण त्याचा भार बाकीच्यांनीं निमूटपणें वाहिला. पण तो कोठपर्यंत वाहवेल, हें त्यांना कोणीं विचारलें नाहीं." योग्य लांबीचा व योग्य आट्यांचा बोल्ट मिळेपर्यंत दोन दिवस काम थांबलें. तेवढ्यांत तिनें नव्या तबकडीची कोणती बाजू इंजिनाकडे असावी तें पुस्तकांत पाहून ठेवलें.

तबकडी बरोबर मध्यावर आणून तिच्यावरील झांकणाचे सहा बोल्ट आम्हीं समोरासमोरचे, थोडेथोडे करून आंवळले. मग गिअरबॉक्स जॅकवर चढविला. शेवटच्या बोटभर अंतरावर तो अडला. अशा वेळीं बोल्ट आंवळून तो ओढून घेण्याचा मोह होतो. परंतु त्यानें तबकडी वांकते, प्रसंगीं धातूचें कवचही तडकतें. आम्हीं जोर केला नाहीं. जॅकचा कोन किंचित् बदलला. कन्येनें गिअरबॉक्सच्या मागील टोंकाचा दांडा हलकेच फिरविला. दांते दांत्यांत आले आणि तो अवजड डबा आपणहून आंत सरकला.

नवा बोल्ट बसविण्यास पाऊण तास लागला. तो अखेर तिच्याच लहान हातांनीं बसला, व ठरलेल्या जोराचा पाना 'टक्' असें बोलेपर्यंत तिनें तो आंवळला. चौकट टिपलेल्या मापावर आणली; कारण ती वरखालीं झाली तर फिरत्या दांड्याचा कोन बिघडून गाडी थरथरते. दुसऱ्या दिवशीं गाडी चढ निमूटपणें चढली.

बालमित्रांनो, तुमच्या वहींत, शिवणांत, हिशेबांत असे दृष्टीआडचे बोल्ट पुष्कळ असतात. ते कोणी मोजणार नाहीं. आणि आईबापांस आमची विनंति अशी कीं, मुलांना दिसणाऱ्या कामाची शाबासकी तर द्यावीच. पण न दिसणाऱ्या कामाचा पाना केव्हां तरी त्यांच्या हातीं द्यावा, व तें संपेपर्यंत स्वस्थ वाट पाहावी.