क्लच सोडताना

मोहालीतील त्या मराठी घरात रविवारी सकाळपासून कुणी कुणाशी बोलत नव्हते. आदल्या रात्री साडेअकराला मुलाचा फोन आला होता, "बाबा, गाडी बंद पडलीय. एअरपोर्ट रोडवर आहे."

वडील तेथे पोहोचले तेव्हा गाडी बंद नव्हती. इंजिन चालू होते, गिअरही पडत होता. पण क्लच सोडला की नुसता आवाज वाढे, गाडी जागची हलत नसे. शेजारी मित्राची गाडी उभी होती. पुढे रस्ता सरळ आणि मोकळा! काय चालले होते, हे वडिलांना विचारावे लागले नाही.

"पहिल्यांदाच केलं, बाबा," मुलगा खाली मान घालून म्हणाला.

वडिलांनी चावी काढून खिशात टाकली. "आजपासून गाडी बंद!" एवढेच ते बोलले.

वडील मूळचे सातारा जिल्ह्यातले. डिप्लोमा करून 1989 मध्ये मोहालीला आले आणि 'स्वराज' ट्रॅक्टरच्या कारखान्यात लागले ते निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. हा कारखाना 1970 मध्ये स्थापन झालेल्या पंजाब ट्रॅक्टर्स या कंपनीचा. तिचा पहिला ट्रॅक्टर 1974 मध्ये बाजारात आला आणि 2007 मध्ये कंपनी मुंबईच्या महिंद्रकडे गेली. एवढ्या वर्षांत वडिलांच्या हाताखालून किती अ‍ॅक्सल गेले असतील, याची मोजदाद नाही.

त्यांच्या रागामागे भीती होती. आदल्याच महिन्यात, म्हणजे ऑक्टोबर 2023 मध्ये, गुरदासपूर जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या कसरती दाखवताना एका तरुणाचा जीव गेला होता आणि पंजाब सरकारने अशा कसरतींवर बंदी घातली होती. ट्रॅक्टरची पुढची चाके का उचलली जातात, हे वडिलांना चांगले ठाऊक होते. इंजिन मागच्या अ‍ॅक्सलला पुढे फिरवू पाहते, त्याच जोराने अ‍ॅक्सल ट्रॅक्टरच्या धडाला मागे ढकलत असतो. क्लच एकदम सोडला तर ट्रॅक्टर पाठीवर पडायला क्षणच पुरतो.

सोमवारी गॅरेजमधून तुटलेला ड्राइव्ह शाफ्ट घरी आला. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत अ‍ॅक्सलचे काम हाच दांडा करतो. वडिलांनी तो रॉकेलने पुसला, चष्मा लावला आणि मुलाला हाक मारली.

"ये, बस. हे तुटलेलं तोंड बघ. काठाजवळ काय दिसतं?"

"गुळगुळीत आहे. गोल गोल रेषा आहेत."

"आणि आत?"

"खरखरीत. दाणेदार."

"खरखरीत भाग परवा रात्री तुटला. गुळगुळीत भाग त्याच्या आधीपासून थोडा थोडा चिरत होता. पिळाचा ताण दांड्याच्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतो, म्हणून चीर तिथून सुरू होते. प्रत्येक धक्क्याला ती जराशी आत सरकते, तिच्या खुणा म्हणजे या रेषा. आता सांग, कितवी वेळ होती?"

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "चार महिने झाले."

लोखंड थकते, हे माणसाला फार उशिरा कळले. 1842 मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल मोडला आणि आगीत कितीतरी प्रवासी गेले. त्यानंतर अ‍ॅक्सल का मोडतात याचा अभ्यास नेटाने सुरू झाला. एका घावाने न मोडणारा दांडा हजार छोट्या धक्क्यांनी मोडतो, हे त्यातून उमगले.

"पण तेवढ्या ताकदीचं इंजिनच नाही आपलं," मुलगा म्हणाला.

वडिलांनी कागद ओढला. इंजिनाचा पीळ समजा 10 किलोग्रॅम-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो साडेतीनपट होतो, डिफरन्शियलमध्ये आणखी चौपट. म्हणजे 140, दोन्ही शाफ्टवर सत्तर सत्तर. हा झाला शांतपणे निघतानाचा हिशेब. इंजिन जोरात फिरवून पाय एकदम उचलला, की वेगात फिरणाऱ्या फ्लायव्हीलचा सगळा जोर त्यात पडतो.

"आणि तू टायर कधी बदललेस?"

"मागच्या महिन्यात. रुंद घेतले, चांगली पकड आहे."

"तिथंच चुकलं. जुने टायर घसरायचे, म्हणून शाफ्ट वाचायचा. आता टायर घसरेना, मग पीळ जाणार कुठे?"

"जाड शाफ्ट टाकला तर?"

"व्यास एक दशांशाने वाढवला तर ताकद एक तृतीयांशाने वाढते. पण मग गिअरबॉक्स मोडेल. कुठलातरी सांधा दुबळा राहणारच. पायाला शिकवलं पाहिजे."

मग त्यांनी शिकवले. चाके अगदी सरळ हवीत, कारण वळलेल्या चाकाच्या सांध्यावर ताण अधिक पडतो. क्लच आधी नुसता पकडीपर्यंत आणायचा, म्हणजे सांध्यांमधली ढिलाई निघून जाते. मग अ‍ॅक्सिलरेटर स्थिर ठेवून पाय हळूहळू सोडायचा. गाडी धावू लागल्यावरच पुरती ताकद द्यायची. पाव मैलाच्या, म्हणजे 402 मीटरच्या शर्यतीत पहिले 60 फूट फार मोलाचे असतात. तेथे चाक जागच्या जागी फिरले की वेळ गेलाच!

स्वयंपाकघरातून आई हे ऐकत होती. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "अहो, परवा तुम्हीसुद्धा क्लच एकदमच सोडलात की! चावी खिशात आणि तोंड बंद. अशानं पोर अजून लपवेल."

वडील काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी त्यांनी चावी टेबलावर ठेवली आणि अटही सांगितली. रस्त्यावर शर्यत कधीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली तो गुन्हा आहे. शिवाय त्या रस्त्यावर कुणाचे तरी आईवडील चालत असतात. हौस असेल तर बंद धावपट्टीवर, हेल्मेट घालून, रुग्णवाहिका उभी असेल तेथेच. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा स्पर्धा झालेल्या आहेत.

"पुण्याला आत्याकडे जाऊ तेव्हा चौकशी करू," वडील म्हणाले. "मीही येईन."

मुलाने चावी उचलली नाही. "आधी शाफ्टचे पैसे मी भरतो, बाबा," तो म्हणाला. "आणि खोटं बोललो, ते चुकलंच."

तुटलेला तुकडा भंगारात गेला नाही. तो अजून त्या घरात टीव्हीशेजारी ठेवलेला आहे.