बूड सांभाळा, सायकल आपोआप चालते



मागच्या लेखात बदलीबरोबर सायकल रेल्वेनं कशी पाठवायची ते लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच पोरांनी विचारलं, "दादा, सायकल पोहोचली, आता चालवताना खाली घालायचं काय?" विचारताना निम्मे लाजले. या विषयाला लोक हसतात, म्हणून कुणी नीट बोलत नाही आणि मग भोगावं लागतं. म्हणून आज सगळं उघड लिहितो. युनिटचं आणि कुणाचं नाव नेहमीप्रमाणे लिहिणार नाही.

सायकल घेताना माणूस गिअर मोजतो, टायर दाबून बघतो, ब्रेक ओढून बघतो. अंगावरच्या कपड्याचा विचार मात्र वीस किलोमीटरनंतर सुरू होतो, तोही दुखायला लागल्यावर. साधा हिशेब करा. मिनिटाला पंचाहत्तर वेळा पॅडल फिरलं, तर तासाला एक गुडघा साडेचार हजार वेळा वाकतो. जांघेत शिवण टोचत असेल तर तीही साडेचार हजार वेळा टोचते. चालताना जी पँट छान वाटते, ती सीटवर छान वाटेलच असं नाही, त्याचं कारण हे.

माझ्या अनुभवात सायकलवाल्याच्या पायांचे शत्रू चार: घाम, घासणं, वारा आणि साखळी. प्रत्येक पोस्टिंगला यातला एखादा पुढं येतो आणि बाकीचे मागं राहतात. आज कोण पुढं आहे ते ओळखायचं आणि त्याप्रमाणे कपडा निवडायचा.

साखळीचं आधी उरकतो, कारण ती सगळ्या मुलखात सारखीच. ती उजव्या बाजूला असते, म्हणून अडकते ती उजवी पँट. आमच्या गावाकडं, कऱ्हाड भागात, जुनी माणसं उजव्या पायाला पत्र्याची गोल क्लिप लावायची. नसली तर लेंगा मोज्यात खोचायचे, नाहीतर सुतळीनं बांधायचे. आपल्या फौजेत पूर्वी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापडी पट्टी गुंडाळायचे. इंग्रजांनी तो शब्दही आपल्याकडूनच उचलला आणि त्याचं 'पटी' केलं. पट्टी चिखलासाठी आणि काट्यासाठी होती, पण ती बांधलेल्या माणसाची पँट साखळीत जाणं शक्यच नव्हतं. आता वेल्क्रोचा पट्टा मिळतो. चमकणारा घ्या. का ते पुढं येईल.

आता मुलूख.

जैसलमेरला मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो. नवीन आलेला पोरगा पहिल्या रविवारी हाफ पँट घालून निघतो, कारण गरम होतंय. तिथल्या गावातला माणूस बघा. धोतर नाहीतर ढगळ पायजमा, अंग पूर्ण झाकलेलं. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो आणि उडताना अंग थंड करतो. उघड्या मांडीवर थेट ऊन पडतं आणि लू लागते. ढगळ कपड्याच्या आत सावलीही असते आणि हवाही खेळते. म्हणून तिथं मी पातळ, फुल, ढगळ पँट घालायचो, खाली दोन्ही घोट्यांना पट्टा. सुती चालते, कारण सुकायला वेळ लागत नाही.

पण दोन गोष्टी. एक म्हणजे मीठ. घाम उडाला तरी मीठ मागं राहतं आणि लांबच्या रपेटीत जांघेतलं कापड पॉलिश पेपरसारखं खरखरीत होतं. म्हणून ढगळ पँटच्या आत अंगाला चिकटून बसणारी, पॅडवाली सायकलिंगची शॉर्ट हवी. तानोटचा रस्ता धरला तर जैसलमेरहून एका बाजूनं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरतो. तेवढ्या अंतरात आत काय घातलंय हेच महत्त्वाचं. शिवाय वरची पँट असल्यामुळं तानोटच्या देवीपुढं उभं राहताना संकोच वाटत नाही. दुसरी गोष्ट भुरट. हे तिथलं काटेरी गवत. मोज्यात नाहीतर लोकरीच्या कापडात एकदा शिरलं की काढता काढता बोटं रक्ताळतात. गुळगुळीत कापडाला ते कमी धरतं.

पॅडवाल्या शॉर्टबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तिच्या आत चड्डी घालायची नाही. हे सांगितलं की पोरं खो-खो हसतात. पण ती शॉर्ट बनवलेलीच तशी असते. सीटवर जिथं भार येतो तिथं शिवण येऊ नये, हाच तिचा उपयोग. आत चड्डी घातली की काढून टाकलेली शिवण आपण परत आणून बसवतो. पूर्वी त्या जागी मऊ चामडं लावायचे, आता फोम असतो. जाड फोम म्हणजे चांगला, असंही नाही. जाड फोम दबतो, गोळा होतो आणि जास्त घासतो. हँडल उंच असलेल्या काळ्या सायकलवर, स्प्रिंगच्या रुंद सीटवर बाजारात जाऊन यायचं असेल, तर पॅडची गरजही नाही. आणि बसल्याजागी मुंग्या यायला लागल्या, तर दोष बहुतेक वेळा सीटच्या उंचीचा नाहीतर कोनाचा असतो. तिथं चौथी शॉर्ट विकत घेऊन काही होत नाही.

यानंतर आसाम. तेजपूरच्या बाजूला ब्रह्मपुत्रेवर कलियाभोमोराचा पूल आहे, 1987 साली सुरू झालेला, तीन किलोमीटर लांब. सुट्टीच्या दिवशी पहाटे त्या पुलावरून जाण्यासारखं सुख नाही. पण त्या हवेत घाम उडतच नाही. जैसलमेरची ढगळ सुती पँट इथं अर्ध्या तासात ओली होऊन मांडीला चिकटते, आणि मग ती सुकेल म्हणून वाट बघत बसायचं. पावसात रेनकोटची पँट घातली तर बाहेरून पाणी येत नाही, पण आतल्या घामानं तेवढीच ओली होते. उबदार पावसात सगळ्यात चांगलं वॉटरप्रूफ म्हणजे आपली कातडी. गुडघ्याच्या वर संपणारी, पटकन सुकणारी शॉर्ट घालायची आणि भिजायचं. गवतातून सायकल ढकलायची वेळ आली, तर जळवांसाठी लांब मोजे. मोज्यांना बाहेरून ओला तंबाखू चोळला की जळवा फारशा चढत नाहीत.

खरं काम सायकल उभी केल्यावर असतं. ओली शॉर्ट लगेच उतरवायची, अंग धुवून कोरडं करायचं, सैल कपडा घालायचा. शॉर्ट उलटी करून, पॅड बाहेर काढून वाळत घालायची. तिथल्या दमट हवेत पॅड दोन दिवस वाळत नाही, म्हणून शॉर्ट दोन पाहिजेत. ओलसर शॉर्ट परत चढवायची नाही म्हणजे नाही.

हे इतकं ठासून सांगण्याला कारण आहे. आमच्या कंपनीत एक बावीस वर्षांचा पोरगा होता. पळायला एक नंबर, कमांडो कोर्ससाठी त्याचं नाव गेलेलं. सायकलचं वेड माझ्यासारखंच. तो जीन्स घालून चालवायचा. जीन्सच्या चारी शिवणी जिथं एकत्र येतात, ती गाठ बरोबर सीटवर येते. वरून घाम. जांघेत आधी लाली आली, मग खाज, मग गजकर्ण. सांगायला लाजला. बाजारातून कुणीतरी सांगितलेलं मलम आणलं. दोन दिवसांत आराम पडला, म्हणून लावत राहिला. त्या मलमात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडनं खाज आणि लाली दबते, पण बुरशी मरत नाही. उलट तिला मोकळं रान मिळतं. तीन आठवड्यांनी तो एमआय रूममध्ये गेला, तेव्हा चट्टे मांडीपासून कमरेपर्यंत पोहोचले होते आणि त्याला नीट चालता येत नव्हतं.

डॉक्टर साहेब त्याला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, पहले दिन आ जाते तो दस मिनट का काम था." औषध दीड महिना चाललं. कोर्सची तारीख निघून गेली आणि त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव गेलं. तेवढे दिवस त्याच्या रात्रीच्या गार्ड ड्युट्या बाकीच्यांनी वाटून घेतल्या. कुणी तक्रार केली नाही, पण तो पोरगा लंगरात मान खाली घालून जेवायचा, ते मला बघवत नव्हतं. सिव्हिलमधल्या माणसाची जांघ घासली तर तो चार दिवस सायकल चालवत नाही. आपली घासली तर आपला पहारा दुसरा कुणीतरी करतो. एवढा फरक आहे.

पंजाबात फॅमिली क्वार्टर मिळालं, तेव्हा हा विषय घरात आला. पोरांची शाळा तीन किलोमीटरवर, म्हणून घरच्यांसाठी लेडीज सायकल घेतली. तिकडच्या बायकांचं बघून हिनं पटियाला सलवार शिवली. घेर एवढा की दोन वेळा साखळीत गेला. वर ओढणी मागच्या चाकाकडं फडफडायची. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "अहो, मी चालतच जाते. रोज ते सगळं सावरत बसायचं म्हणजे ताप आहे." मला ते लागलं. कपड्यापायी बाईची सायकल सुटते, हे मी गावातही पाहिलंय. नववीत गेलेल्या पोरी साडीच्या गणवेशामुळं नाहीतर लोकांच्या नजरेमुळं सायकल सोडायच्या.

तोडगा शेवटी तिनंच काढला. खाली निमुळती, घोट्याला घट्ट बसणारी ट्रॅक पँट. वर गुडघ्यापर्यंतचा, बाजूला चिरा असलेला कुडता. ओढणी आडवी घेऊन कमरेला गाठ. मागच्या चाकाला साडी गार्ड होताच, साखळीला पूर्ण बंद कव्हर बसवून घेतलं. महिन्याभरात शेजारच्या दोघी तिच्याबरोबर जायला लागल्या. बायकांनी पॅडची शॉर्ट घ्यायची तर बायकांचीच घ्यावी. बसायची हाडं साधारणपणे जास्त रुंद असतात, त्यामुळं पॅडचा आकार वेगळा असतो. नवऱ्याची जुनी शॉर्ट कामाला येत नाही.

तिथं डिसेंबर-जानेवारीत धुकं असं पडतं की पुढचा माणूस दिसत नाही. आता तो चमकणारा पट्टा आठवा. पाठीवरची चमकती पट्टी स्थिर असते, ती खांब आहे की माणूस, ट्रकवाल्याला चटकन कळत नाही. घोट्यावरची पट्टी वर-खाली होते आणि लांबूनच कळतं की कुणीतरी सायकल चालवतंय. दोन्ही पायांना बांधा. आणि गुडघे झाका. गुडघ्यावर मांस नाही, चरबी नाही, वारा थेट सांध्यावर येतो. पंधरा-सोळा डिग्रीच्या खाली गेलं की गुडघा झाकायचा, हा माझा नियम आहे. शॉर्टवर चढवायच्या सुट्या बाह्या मिळतात पायांसाठी. ऊन वर आलं की काढून खिशात.

शेवटचं लडाख. लेह साडेतीन हजार मीटरवर. पोहोचल्यावर पहिले सहा दिवस हवेची सवय करण्याचे, तेव्हा सायकलचं नावही काढायचं नाही. हा नियम मोडायला धाडस लागत नाही, फक्त अक्कल कमी लागते.

लेहहून खारदुंग ला चाळीस किलोमीटरच्या आत-बाहेर, सगळा चढ. तिथं पाटीवर 18,380 फूट लिहिलेलं असायचं, जीपीएसवर 17,600 च्या आसपास भरतं. पायांना दोन्ही सारखंच. खरी अडचण वेगळी आहे. चढताना बराच वेळ घाम आणि वेग पायी चालण्याचा. उतरताना वेग चाळीसचा आणि अंग ओलं. हवा शून्य डिग्री असली आणि वारा ताशी चाळीस किलोमीटर, तर अंगाला ते उणे सातसारखं लागतं. त्यात सुती कापड असेल तर ते पाणी धरून बसतं आणि मांड्या लाकूड होतात. पुरुषांनी तर पुढच्या बाजूची जास्त काळजी घ्यावी. तिथं वारा लागला की काय होतं, ते लिहिण्यापेक्षा समजून घ्या.

म्हणून तिथं सुती काहीच नाही. आत पॅडची शॉर्ट, वर पातळ लोकरीची इनर. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. चढताना एवढंच पुरतं. वारा अडवणारी पँट पाठीवर घेऊन जायची आणि खिंडीत पोहोचल्यावर, फोटो काढायच्या आधी, चढवायची. घोट्यापासून वरपर्यंत चेन असलेली घ्या, म्हणजे बूट न काढता घालता येते. त्या उंचीवर बर्फात एका पायावर उभं राहून बूट काढणं म्हणजे वेगळीच पीटी आहे.

पैसे कमी असतील तर आधी दोन चांगल्या शॉर्ट घ्या, मग वारा अडवणारी पँट. बाकी सगळं घरातल्या कपाटात निघतं. अंगाला घट्ट शॉर्टची लाज वाटत असेल तर वरून साधी हाफ पँट घाला, गावात मीही तेच करतो. लांब जायचं असेल तर जांघेत थोडं खोबरेल तेल नाहीतर पेट्रोलियम जेली. आणि लाली दिसली की त्याच दिवशी एमआय रूम. बाजारातलं मलम नको, मित्राचं मलम तर मुळीच नको.

तो पोरगा पुढच्या वर्षी कोर्सला गेला आणि पास होऊन आला. आता नवीन पोरांच्या शॉर्ट वाळत घातल्यात का, हे संध्याकाळी दोरीवर तोच बघत फिरतो.

काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा. पुढच्या वेळी पंक्चरबद्दल लिहीन.

जय हिंद, जय महाराष्ट्र.