बँकॉकहून तीन तास, मुंबईहून दीड दिवस

थंडीच्या हंगामात थायलंडचे उपासक बँकॉकहून थेट गयेच्या विमानतळावर उतरतात. हवाई अंतर सुमारे २,००० किलोमीटर, वेळ साधारण ३ तास. बँकॉकचे घड्याळ आपल्यापुढे दीड तास. तेथून १२ ला निघालेले विमान आपल्या दीडला पोचते. परतीला घड्याळात साडेचार तास गेलेले दिसतात, इतकेच.

आता आमचा हिशेब. मुंबई ते गया सरळ अंतर १,४०० किलोमीटरच. परंतु हावडा मेलने दिवसाहून अधिक वेळ लागतो. चपात्या, चटणी, मुलांची पांघरुणे घेऊन आम्ही गेलो, तेव्हा चार दिवसांच्या रजेतली निम्म्याहून जास्त डब्यातच सरली. बोधिवृक्षाखाली धड बसणेही झाले नाही. जाऊ इच्छिणाऱ्या बंधू-भगिनींनी रजेचा अर्ज सहा दिवसांचा टाकावा.