वाऱ्याची दुसरी वाट

घरी विमान बांधणाऱ्याला लोक आधी इंजिनाचं विचारतात, मग वेगाचं, मग खर्चाचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात कॅप्टन अमोल यादव यांचं सहा आसनी विमान वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं होतं. चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं. मी पोलादपूरचा, मला भलतीच चिंता. मे महिन्यात हे धावपट्टीवर उभं असताना काचेआडच्या सहा जणांना वारा कुठून मिळणार?

ही खोड एसटीने लावली. महाड स्थानकात गाडी उभी असली की पत्रा तापायचा, खिडक्या सताड उघड्या असूनही अंगाला वारा नाही. आंबेनळी घाटात पावसाळ्यात उलटी तऱ्हा. पाऊस तिरका आत येतो म्हणून सगळे काचा ओढून घ्यायचे. मग पन्नास माणसांचे श्वास, ओल्या छत्र्या, कोणाच्या तरी पिशवीतली सुकी मासळी, आणि चालकापुढची काच पांढरीफटक. फडक्याने पुसून पुसून वैतागला की तो मागे न बघताच ओरडायचा, “मागची एक खिडकी उघडा रे!” त्याच्या बाजूची काच बोटभर उघडी असायचीच. पण एका फटीने भागत नाही. वाऱ्याला शिरायला एक आणि सुटायला एक, अशा दोन वाटा लागतात.

पुढे पत्र्याची कामं करताना आणि विमानांवरचं मिळेल ते वाचताना हेच पुन्हा भेटत गेलं. सेस्ना १७२ मध्ये समोरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यांत ओढून उघडायच्या नळ्या असतात. साधी, झकास युक्ती. त्याहून देखणं ते अमेरिकेतल्या ‘नाका’ या संस्थेने १९४०च्या दशकात अभ्यासलेलं वारा आत घेणारं तोंड. (तीच संस्था १९५८ मध्ये ‘नासा’त सामावली.) ते बाहेर डोकावत नाही. पत्र्यातच खोल उतरत जाणारी खाच, सुरुवातीला अरुंद, आत जाताना रुंदावणारी. विमानाला विशेष न अडवता वारा आत वळवते.

तरीही उकडतं. मग बांधणारा हौसेने दुसरं तोंड कापतो, आणि इथे माझं डोकं फिरतं. आतली हवा निघाली नाही तर नवी शिरणार कुठे? निकास मागे, जिथे बाहेरचा प्रवाह हवा खेचतो तिथे असावा. तोही बेताने. आवक कमी आणि खेच जास्त झाली की कॉकपिटमधला दाब उतरतो, आणि इंजिनामागच्या आडभिंतीतल्या प्रत्येक फटीतून हवा आत ओढली जाते. तिच्याबरोबर धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड आला तर त्याला वासही नसतो. म्हणून जाणते लोक विमानाच्या अंगावर लोकरीचे धागे चिकटवून उडतात आणि धागे कुठे वळतात ते पाहूनच भोक पाडतात.

पोलादपूरच्या आमच्या घरावर आता कौलं जाऊन स्लॅब आला. कौलांच्या फटींतून चुलीचा धूर आपोआप निघायचा. आता सरकत्या काचा, आणि स्वयंपाकघरात भट्टी. पंखा कुठे बसवावा, असं दादाने विचारलं. मी उदबत्ती पेटवून भिंतीभिंतीशी धरत फिरू लागलो. वहिनी बघत राहिली. म्हणाली, “भावजी, देव त्या कोपऱ्यात आहेत.”