पाटल्यांना कर, शेअरना सूट

भारतात श्रीमंत माणूस पुरेसा कर भरतो का, याचे उत्तर त्याचा कर कशाशी ताडून पाहायचा यावर ठरते. रिटर्नमध्ये दाखवलेल्या उत्पन्नाशी ताडला, तर बहुधा ‘भरतो’ असे उत्तर येते. वर्षभरात वाढलेल्या संपत्तीशी ताडला, तर ‘नाही’. वादातले दोन्ही पक्ष आपापला आकडा घेऊन भांडतात आणि पंचाईत अशी, की दोघांचेही आकडे खरे असतात.

समजा, एका कंपनीच्या प्रवर्तकाकडे १,००० कोटींचे शेअर आहेत. वर्षात भाव १५ टक्के चढला, म्हणजे १५० कोटींची भर पडली. शिवाय १० कोटी लाभांश मिळाला. लाभांशावर ३० टक्के कर, त्यावर १५ टक्के अधिभार आणि त्या बेरजेवर ४ टक्के उपकर, असा ३५.८८ टक्के दर पडतो. कर झाला साडेतीन कोटींच्या थोडा वर. लाभांशाच्या मानाने तो जबर आहे. १६० कोटींच्या एकूण वाढीच्या मानाने सव्वादोन टक्के. त्याच प्रवर्तकाच्या कंपनीत वर्षाला ३० लाख पगार घेणारा इंजिनिअर नव्या करप्रणालीत, २०२५-२६ च्या दरांनी, प्रमाणित वजावट मिळूनही ४,७५,८०० रुपये भरतो. हे पगाराच्या जवळपास १६ टक्के झाले, आणि टीडीएसपोटी ते त्याच्या हाती येण्याआधीच कापलेले असतात.

प्रवर्तकाच्या बाजूने एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: कंपनीने आपल्या नफ्यावर २५.१७ टक्के कर आधीच भरलेला असतो. शेअरचा भाव वार्षिक नफ्याच्या पंचवीसपट धरला, तर या प्रवर्तकाच्या वाट्याचा कंपनी-कर साडेतेरा कोटींच्या आसपास येतो. तोही मिळवला की प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ पोचते. सव्वादोन टक्क्यांपेक्षा हे बरेच बरे, तरीही इंजिनिअरच्या खालीच. पुढच्या वर्षी भाव २० टक्के कोसळला तर हिशेब उलटतो, कारण संपत्ती घटलेली असूनही लाभांशावरचा कर चुकत नाही. एका वर्षाच्या आकड्यावरून निवाडा करणाऱ्या दोन्ही पक्षांनी हे ध्यानात घ्यायला हवे, पण घेत नाहीत.

या तफावतीचे मूळ चोरीत नाही, कायद्यात आहे. शेअर विकेपर्यंत त्याची वाढ उत्पन्न ठरत नाही. यामागचे कारण व्यवहारी आहे, कारण न विकलेल्या शेअरचा पैसा हातात नसतो. पण शेअर तारण ठेवून कर्ज मिळते, आणि कर्ज हेही उत्पन्न नव्हे. त्यामुळे संपत्ती न विकता तिच्यावर जगता येते. अमेरिकेत ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार, तिथल्या २५ सर्वांत धनाढ्य व्यक्तींनी २०१४ ते २०१८ या काळात भरलेला प्राप्तिकर त्यांच्या संपत्तीतील वाढीच्या ३.४ टक्केच होता. त्यात बेकायदा असे काही नव्हते.

भारतातली सार्वजनिक चर्चा मात्र दरांवरच अडलेली असते. १९७३-७४ मध्ये अधिभारासह कमाल दर ९७.७५ टक्के होता. त्याची आठवण अजून भीती घालायला वापरली जाते. १९८५-८६ मध्ये तो ५० टक्क्यांवर आला आणि १९९७ मध्ये ३० वर. दुसरा लोकप्रिय समज असा, की देशात मूठभर लोकच कर भरतात आणि बाकीचे फुकट खातात. हे म्हणणाऱ्याला कर म्हणजे प्राप्तिकर एवढेच ठाऊक असते. मोबाइल रिचार्ज करणारी घरकामवाली बाई त्यावर १८ टक्के जीएसटी भरते आणि तिच्या कमाईतला फार मोठा भाग खर्चच होत असल्याने तिच्या मानाने तो जास्त टोचतो.

संपत्तीवर कर लावण्याचा प्रयोग भारताने केला होता. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डॉर यांनी १९५६ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला. त्यात संपत्ती कर, भांडवली नफ्यावरील कर, देणगी कर आणि खर्चावरील कर असा एकमेकांत गुंफलेला संच होता. एक कर चुकवायला गेलेला माणूस दुसऱ्यात सापडावा, ही त्यातली कल्पना. त्याच वेळी प्राप्तिकराचा कमाल दर ४५ टक्क्यांवर आणावा, असेही त्यांनी सुचवले होते. १९५७ मध्ये संपत्ती कर आणि खर्च कर आले, १९५८ मध्ये देणगी कर आला. कमाल दर खाली आणण्याची शिफारस तेवढी बाजूला राहिली. खर्च कर १९६२ मध्ये रद्द झाला, १९६४ मध्ये परतला आणि १९६६ मध्ये पुन्हा गेला. संचातले सुटे भाग वापरून संच फसला, असा निष्कर्ष काढण्याची परंपरा तेव्हापासूनची.

संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. २०१३-१४ मध्ये त्यातून देशभरात १,००८ कोटी रुपयेच जमले आणि वसुलीचा खर्च त्यामानाने फार, असे कारण दिले गेले. हा १,००८ कोटींचा आकडा आजही कोणत्याही चर्चेत ‘संपत्ती कर चालत नाही’ याचा पुरावा म्हणून फेकला जातो. तो पुरावा नाही. एप्रिल १९९३ पासून या करातून ‘उत्पादक’ मत्ता वगळल्या होत्या. शेअर, रोखे, बँकेतल्या ठेवी, सगळे बाहेर. आत राहिले ते दागिने, मोटारी, भाड्याने न दिलेले दुसरे घर, शहरातली मोकळी जमीन, नौका, विमाने आणि ५०,००० रुपयांवरची रोकड. अखेरच्या वर्षांत या मत्तांच्या ३० लाखांवरील मूल्यावर १ टक्का कर होता.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय होई, हे त्या काळातले एखादे संपत्ती-कराचे रिटर्न पाहिले की कळते. मूल्यांकनाची तारीख ३१ मार्च. त्या दिवशीचा सोन्याचा भाव शोधायचा, नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला जोडायचा, सासूबाईंच्या पाटल्या आणि सुनेचा तन्मणी यांचे वजन वेगवेगळ्या नावांवर दाखवायचे, गाडीची घसारा वजा जाता किंमत काढायची. दुसरा फ्लॅट वर्षात ३०० दिवस भाड्याने होता की नाही, हे भाडेकराराच्या तारखांवरून मोजायचे. आणि त्याच घरातल्या कर्त्याच्या डिमॅट खात्यात शेकडो कोटी असले, तरी ते खाते उघडून पाहायची गरज नसे. अशा करातून हजार कोटी जमले, हेच नवल.

रद्द करताना त्याच्या जागी जे आणले ते अधिक बोलके आहे: एक कोटीपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्यांवर २ टक्के जादा अधिभार. संपत्तीवरचा कर गेला आणि त्याची भरपाई उत्पन्नावर बसली. दिवसाला दहा शस्त्रक्रिया करणारा सर्जन त्यात सापडला. न विकलेल्या शेअरांचा धनी त्या वाढीपुरता सुटला. अधिभाराची रक्कम राज्यांशी वाटून घ्यावी लागत नाही, हा केंद्राचा वरकड फायदा.

वारशाची गोष्ट याहून थोडक्यात सांगता येते. १९५३ ची इस्टेट ड्युटी कमाल ८५ टक्क्यांपर्यंत चढली आणि १९८५ मध्ये रद्द झाली, तेव्हा तिचे उत्पन्न वर्षाला २० कोटींच्या आसपास होते. देणगी कर १९९८ मध्ये गेला. आज महाराष्ट्रात राहते घर मुलाला बक्षीसपत्राने दिले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. तेवढ्याच किमतीचे घर मुंबईत विकत घेणाऱ्याला सहा टक्के. वारशात आलेल्या शेअरवर मूळ मालकाची खरेदी किंमत चालू राहते, त्यामुळे विकताना जुना नफाही करात येतो. अमेरिकेत तो मृत्यूबरोबर पुसला जातो. एवढ्यापुरता भारताचा कायदा अधिक चोख आहे, फक्त विकायची वेळ यावी लागते.

महाराष्ट्रापुरते एक उदाहरण विसरता येत नाही. १९७५ चा व्यवसाय कर रोजगार हमी योजनेसाठी आला. शहरातल्या कमावत्यांनी दुष्काळी भागातल्या मजुरांसाठी भरायचा. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार तो वर्षाला २,५०० रुपयांवर नेता येत नाही, आणि ही मर्यादा १९८८ पासून जागची हललेली नाही. महिना वीस हजारांच्या कारकुनाच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. कंपनीच्या अध्यक्षाचेही तेवढेच.

दानधर्माचा मुद्दा इथे हटकून निघतो. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पैशातून मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले. तो पैसा बराचसा चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारातला होता. टाटा सन्सचा सुमारे ६६ टक्के हिस्सा विश्वस्त संस्थांकडे आहे. हे देणे मोठे आहेच, पण कुठे, कोणाला आणि किती हे देणारा ठरवतो, आणि दानावरच्या करसवलतीमुळे बुडालेला कर इतर करदाते भरून काढतात. २०१३ च्या कंपनी कायद्यातला नफ्याचा २ टक्के सामाजिक खर्च तर सगळ्या भागधारकांच्या खिशातून जातो. त्याचा हार मात्र एकाच्या गळ्यात पडतो.

श्रीमंत किती दाखवतात, हे तपासायला निवडणुकीच्या शपथपत्रांचा उपयोग होतो, कारण तिथे मत्ता आणि रिटर्नमधले उत्पन्न शेजारी शेजारी लिहावे लागते. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे राम सिंग यांनी अशा आकड्यांवरून दाखवले, की संपत्ती जितकी मोठी तितके तिच्या मानाने दाखवलेले उत्पन्न लहान. भारती, शॉंसेल, पिकेटी आणि सोमंची या अर्थतज्ज्ञांच्या २०२४ च्या अभ्यासात २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशातले २२.६ टक्के उत्पन्न आणि ४०.१ टक्के संपत्ती असल्याचा अंदाज आहे. हे अंदाज सर्वेक्षणे आणि धनाढ्यांच्या याद्या जोडून बांधलेले असल्याने त्यांच्यावर वाद होतात, आणि व्हायलाच हवेत.

संपत्ती कर पुन्हा आणावा म्हणणाऱ्यांपुढच्या अडचणी खऱ्या आहेत. शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीचे मूल्य दोन मूल्यांकक दोन काढतात. नॉर्वेने २०२२ मध्ये दर वाढवला, तेव्हा काही धनिक स्वित्झर्लंडला गेले. स्वीडनने २००७ मध्ये हा करच सोडला. अर्थतज्ज्ञ गाब्रिएल झुकमान यांनी २०२४ मध्ये जी-२० पुढे अब्जाधीशांसाठी संपत्तीच्या २ टक्के किमान कराचा प्रस्ताव मांडला तो अशा स्थलांतराचाही विचार करून, पण सगळ्या देशांनी एकत्र यायला हवे, ही अट त्यात राहतेच. कर न आणता मोजणी सुरू करणे तुलनेने सोपे आहे, पण तीही नीट होत नाही. संपत्ती कर गेल्यावर मोठ्या उत्पन्नाच्या लोकांसाठी रिटर्नमध्ये मत्ता आणि देण्यांचे एक परिशिष्ट आले. आधी ते ५० लाखांवरील उत्पन्नाला लागू होते. आकारणी वर्ष २०२५-२६ पासून ती मर्यादा एक कोटी झाली. त्यात शेअरची किंमत बाजारभावाने नव्हे, खरेदीच्या भावाने लिहायची असते. दहा रुपये दर्शनी किमतीला घेतलेला संस्थापकाचा शेअर आज दोन हजारांचा असला, तरी त्या रकान्यात दहाच रुपये भरले जातात.